आईला फुलं दाखवायची होती

जुलै महिन्यात आमच्या गावात दोनच प्रकारची माणसं घरात सापडतात. ज्यांचा पाय मोडलाय ती, आणि नगरपालिकेतली. बाकी सगळं गाव डोंगरात असतं. सूर्य मावळायचं नाव घेत नाही, त्यामुळे 'उशीर झाला, आता घरी चला' हे वाक्य उन्हाळ्यात कोणी कोणाला ऐकवू शकत नाही. माणसं जेवून फिरायला जातात, फिरून येऊन जेवतात आणि पुन्हा जातात. परत येताना प्रत्येकाच्या तोंडावर डास चावल्याच्या गांधी आणि टोपीत एखादं फूल असतं, आणि 'आहा, काय बहर आलाय यंदा' हे वाक्य ते ज्याला त्याला सांगत सुटतात.

मी नगरपालिकेत आहे. जमीन आणि वाटा या खात्यात. लोकांनी कुठून चालावं, कुठून गाडी न्यावी, कुठे तंबू ठोकावा हे सांगायला खिडकीमागे जो माणूस बसलेला असतो, तो मी. एनोक. मी स्वतः चालायला फारसा जात नाही. हलवाई कुठे जिलबी खातो.

तर एका रविवारी आम्ही सीलचं कालवण ओरपत बसलो होतो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको इवालू आणि माझी आई आमालिया. आईची ऐंशी उलटली आहे. गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे. तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली,

"एनोक, मला एकदा कूसुआकला जायचंय. निवियार्सिआक बघायला."

निवियार्सिआक म्हणजे आमचं गुलाबी रानफूल. नदीकाठच्या रेतीत, दगडगोट्यांत, जिथे दुसरं काही उगवायला धजत नाही तिथे हे ताटवेच्या ताटवे फुलतं. नावाचा अर्थ तरणी पोर.

"या वयात तरण्या पोरी कशाला बघायच्यात तुला?" मी विनोद केला.

"मी नाही बघणार. त्या बघतील मला," आई म्हणाली. "जरा शिकतील."

कूसुआक ही खाडीच्या टोकाची दरी. डोंगरावरून चालत गेलं तर धडधाकट माणसाचा अख्खा सकाळचा वेळ जातो. बोटीने गेलं तर कॉफी थंड व्हायच्या आत पोचता येतं. त्यामुळे इवालू लगेच म्हणाली, "मग तोबियासला सांगा ना. बोट आहे त्याची."

हे ऐकून माझ्या तोंडातलं कालवण कडू झालं. ते का, हे सांगायला हवं.

आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव नव्या जन्मलेल्या बाळाला ठेवतात. आणि ही काही नुसती हाक मारायची सोय नव्हे. नाव ठेवलं की माणूस परत आलं. माझे बाबा तोबियास गेले, आणि त्याच हिवाळ्यात शेजारच्या निळ्या घरात रास्मिनेला मुलगा झाला. त्याचं नाव तोबियास ठेवलं, आणि माझे बाबा शेजारी राहायला गेले. आईने त्याच्यासाठी मोजे विणले, त्याच्या पहिल्या माशाचं कौतुक केलं, त्याला मोठ्ठा होताना पाहिलं. आज तो चांगला ताडमाड पंचविशीतला तरुण आहे. मासळीच्या कारखान्यात माल चढवतो-उतरवतो, एका कानात बाळी घालतो, मोटरबोट वाऱ्यासारखी हाकतो, आणि माझी आई त्याला 'अहो' म्हणते.

"अहो, जेवलात का?" ती खिडकीतून विचारते.

"जेवलो, आमालिया," तो गंभीरपणे सांगतो.

एवढंच असतं तर मी सोसलं असतं. पण हा प्राणी मलाही सोडत नाही. दुकानात चार लोकांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "एनोक, बाळा, केस वाढलेत. कापून घे." मी छप्पन्न वर्षांचा, डोक्यावर मोजून घ्यावेत इतके केस, आणि तेही कापायला सांगणारा माझ्या निम्म्या वयाचा. पण उलट बोलता येत नाही. बाबांना कसं बोलणार? "हो बाबा," म्हणावं लागतं. त्याची आई रास्मिने माझ्याहून लहान आहे, पण या हिशेबाने ती माझी आजी लागते. हा हिशेब मी कधी करत नाही. ती करते.

खरे बाबा होते तोवर प्रत्येक कामात त्यांचंच चाले. ते फार मोठे शिकारी, मी खिडकीमागचा कारकून. निदान म्हातारपणी आईची एक इच्छा माझा मी पुरी करावी, त्यातही बाबांनी टपकू नये, असं मला वाटलं तर काय चुकलं? शिवाय माझ्या मनात एक चित्र उभं राहिलं होतं. आई-बाबा तरुण असताना कूसुआकला हातात हात घालून फिरलेले असणार, त्या आठवणी तिला पुन्हा जगायच्या असणार. अशा नाजूक वाटेवर आईला पोराने न्यायचं असतं, मोटरबोटीने नव्हे.

"बोट नको," मी म्हणालो. "तिला वाट बघायची आहे. चालण्यातली मजा बोटीत नाही."

"त्यांचे गुडघे कोण चालवणार?" इवालूने विचारलं.

"ते माझ्याकडे लागलं," मी म्हणालो. आईने आणखी एक तुकडा वाढून घेतला.

पहिला विचार मनात आला तो अब्राहामच्या गाडीचा. अब्राहाम आमच्या दुसऱ्या बाजूचा शेजारी. पूर्वी शिकारी होता, आता सल्लागार आहे. त्याच्याकडे एक जाड टायरची, हँडलवाली चारचाकी गाडी आहे, दगडधोंड्यांतून सहज जाणारी. मी त्याच्याकडे गेलो, कॉफी प्यायलो, हवापाण्याचं बोललो आणि मग गाडीचं काढलं.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सूर्य उगवला.

"गाडी तुझीच समज, एनोकसाहेब," तो म्हणाला. "पण परवानगी?"

इथेच गाडी अडली. उन्हाळ्यात ओल्या मातीवरून, शेवाळावरून गाडी नेली की जे चरे पडतात ते माणसाच्या आयुष्यात बुजत नाहीत. म्हणून वाट सोडून गाडी न्यायला नगरपालिकेची परवानगी लागते. ती देणारा मी. आणि गेली कित्येक वर्षं ती कोणालाही न देणाराही मीच. खुद्द अब्राहामचा अर्ज मी तीनदा फेटाळला होता, वर त्याला शेवाळाचं महत्त्व या विषयावर ऐकवलंही होतं.

"नियम म्हणजे नियम," अब्राहाम माझ्याच आवाजात म्हणाला. "शेवाळ बिचारं कोणाला सांगणार?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी स्वतःचा अर्ज भरला आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंनी वाचला. निर्दोष होता. पण कर्मचाऱ्याने स्वतःच्या अर्जावर निर्णय घेऊ नये, असा एक नियम आहे आणि तो मीच भिंतीवर लावलेला आहे. अशा वेळी माझा सहकारी गेर्थ सही करतो. गेर्थ मासेमारीला गेला होता. कधी येणार, असं त्याच्या बायकोला विचारलं तर ती म्हणाली, मासे संपले की. मग मी जिल्ह्याच्या मुख्य कचेरीत फोन लावला. बऱ्याच वेळाने एका बाईंनी उचलला. मी नाव न सांगता प्रकरण मांडलं.

"हे इथे होत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याच गावात एनोक म्हणून आहेत, त्यांना भेटा. पण वेळ फुकट घालवू नका. तो माणूस कोणाला परवानगी देत नाही म्हणतात."

मी आभार मानून फोन ठेवला. आपली कीर्ती इतकी दूरवर पोचली आहे हे ऐकून माणसाला बरं वाटायला हवं. मला वाटलं नाही.

तोवर बातमी गावभर झाली होती. आमच्याकडे जुलैत दुसऱ्या बातम्या नसतात. जो तो खिडकीशी येऊन अर्ज न करता सल्ला देऊन जाऊ लागला. कोणी म्हणालं, आईला पाठुंगळीला घे, माझा आजोबा अख्खं रेनडियर आणायचा. कोणी म्हणालं, वृद्धाश्रमातली चाकांची खुर्ची ने. ती मी खरोखर आणून बघितली. आमच्या घरामागच्या पहिल्याच चिखलात तिची पुढची दोन चाकं जी बुडाली, ती मी आणि इवालूने मिळून फावड्याने काढली. रास्मिने कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "एनोक, चार फुलं तोडून आण आणि आईच्या खिडकीत ठेव. एवढं कशाला?"

"तिला फुलं हवी नाहीत. तिला तिथे जायचंय," मी म्हणालो.

"मग तोबियासला सांग ना," ती म्हणाली. मी घरात निघून गेलो.

अब्राहामचं मन मात्र द्रवलं असावं. किंवा त्याला करमणूक हवी असावी. बुधवारी तो आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "एनोकसाहेब, उन्हाळ्यात कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची घसरगाडी चालवू नये, असा नियम आहे का?"

मी नियमावली काढली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. असा नियम नव्हता. गाडीला इंजिन नाही, चाकं नाहीत, म्हणजे ते वाहनच नव्हे. माझा आनंद गगनात मावेना.

"नियम करणाऱ्यांना इतकं गाढव कोणी निघेल असं वाटलं नसेल," इवालू म्हणाली.

"ओल्या झुडपांवरून छान घसरते," अब्राहाम म्हणाला. "लहानपणी आम्ही करायचो."

त्याने हे कधीही केलेलं नव्हतं, हे नंतर कळलं. पण त्या वेळी मला ते पटलं. रात्रभर पाऊस पडून डोंगरउतार निसरडा झाला होता. ठरलं असं की आधी एकदा चाचणी घ्यायची. आईच्या जागी मी बसायचं. आईची शाल गुडघ्यांवर, आईची उशी पाठीशी, आणि हातात थर्मास, तो सांडतो का ते बघायला. कोणतंही काम करायचं तर व्यवस्थित करावं.

उन्हाळ्यातली कुत्री ही एक वेगळीच जात असते. महिनोन् महिने साखळीला बांधलेली, काम नाही, धंदा नाही, दिवसभर पडून आभाळाकडे बघून रडणारी. त्यांना गाडीला जुंपलेलं पाहून गावातली बाकी सगळी कुत्रीही ओरडू लागली. त्या आवाजाने शेजारी बाहेर आले. आई खिडकीत येऊन बसली. अब्राहामने दोर सोडला, मागच्या फळीवर उडी मारली आणि म्हणाला, "डोंगराकडे."

कुत्र्यांनी हवेचा वास घेतला आणि ती डोंगराच्या बरोबर उलट दिशेला निघाली.

त्या दिशेला रास्मिनेचं घर आहे. घराच्या पुढ्यात मासे वाळवायची लाकडी चौकट आहे. त्या चौकटीवर आदल्याच दिवशी हॅलिबट टांगलेले होते. पुढचं मी फार सविस्तर सांगणार नाही. घसरगाडी खरोखर छान घसरली, हे मात्र कबूल केलं पाहिजे. मी 'थांबा' म्हणालो, मग कुत्र्यांना कळणाऱ्या भाषेत म्हणालो, मग प्रार्थना म्हणालो. चौकट पडली. माझ्या अंगावर मासे, माशांवर कुत्री, आणि कुत्र्यांवर अब्राहाम, अशी रचना झाली. थर्मास सांडला नाही.

कोणीतरी मला बगलेत हात घालून उचललं. बघतो तर तोबियास. कारखान्यातून जेवायला घरी आला होता.

"लागलं का, बाळा?" त्याने विचारलं आणि माझ्या कानातला माशाचा कल्ला काढला.

"नाही, बाबा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

रास्मिने पडलेल्या चौकटीकडे, मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "आजीकडे यायचं तर दारातून यावं."

दोन दिवस मी ऑफिसच्या मागच्या दाराने ये-जा केली. खिडकीशी लोक येत आणि उगाचच हुंगत. पण ऐरणीवर पडल्याशिवाय लोखंडाचा आकार ठरत नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी आईला म्हणालो, "उद्या मी एकटा जाऊन वाट बघून येतो. कुठे चढ कमी, कुठे चिखल कमी, कुठे बसायला दगड आहे, सगळं. लाल फिती बांधून येतो. मग परवा तू आणि मी सावकाश चालत जाऊ. दिवस लागू दे हवा तर. सूर्य कुठे जातोय?"

"डासांची जाळी ने," आई एवढंच म्हणाली.

शनिवारी सकाळी मी निघालो. पाठीवर घडीची खुर्ची, पिशवीत थर्मास, फिती आणि इवालूने बांधून दिलेला केक. हवा स्वच्छ होती. गाव मागे पडलं, कुत्र्यांचा आवाज थांबला, आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. आमचा उन्हाळा म्हणजे पाहुणा आहे, चार दिवस राहतो, पण येताना काय काय घेऊन येतो. ओढ्याकाठी कापूसगवताचे पांढरे गोंडे डुलत होते. दगडांच्या फटींतून पिवळी खसखशीची फुलं वाऱ्याबरोबर माना हलवत होती. पायाखाली चुरडलेल्या झुडपांचा तो कडूगोड, औषधी वास. निळ्या घंटाफुलांच्या एका झुबक्यापाशी मी थांबलो आणि मनात म्हणालो, 'आहा, काय बहर आलाय यंदा.' आजवर हे वाक्य म्हणणाऱ्यांचा मी किती दुस्वास केला होता.

तेवढ्यात वारा पडला आणि डास आले.

जाळी घरीच, खुंटीला. आमचे डास एकेकटे येत नाहीत, ठराव करून येतात. मी शाल, टोपी, रुमाल, शेवटी केकचं फडकं अशी एकेक वस्तू तोंडाला गुंडाळत गेलो. फडक्याला साखर होती, त्यामुळे डासांचा ओढा वाढला. केक उघडा पडला तो आत्ताच खाल्लेला बरा, असा विचार करून मी अर्धा खाल्ला. त्याबरोबर काही डासही खाल्ले.

या अवस्थेत मी शेवटच्या खिंडीत पोचलो आणि वाटेच्या मधोमध कस्तुरी बैल बसलेला दिसला.

ज्यांनी हा प्राणी पाहिलेला नाही त्यांनी असं समजावं, की एका मोठ्या पेटाऱ्यावर लोकरीची पाच-सहा जुनी घोंगडी टाकली आहेत आणि त्याला शिंगं आहेत. तो स्वभावाने गरीब असतो, असं सगळे सांगतात. फक्त चिडला की नसतो. मी जवळच्या दगडाआड बसलो. तो माझ्याकडे बघत रवंथ करत होता. मी त्याच्याकडे बघत उरलेला केक खाल्ला. बराच वेळ झाला. मी खोकलो. त्याने मान वळवून दुसरीकडे बघितलं, जसं आमच्या ऑफिसात गर्दीच्या वेळी आम्ही बघतो. मी दगडाआडून हात जोडले. मी त्याला, मी कोण आहे, कोणत्या खात्यात आहे, हेही सांगितलं. तो ढिम्म.

शेवटी मी खुर्ची ढालीसारखी पुढे धरली आणि खालच्या दलदलीतून मोठा वळसा घेतला. दलदलीने माझा उजवा बूट ठेवून घेतला. मी कोपरापर्यंत हात घालून शोधला, पण पाणी इतकं थंड होतं की हात कुठे संपतो आणि चिखल कुठे सुरू होतो ते कळेना. बूट तिथेच सोडून, पायमोज्यावर, लंगडत मी टेकाड चढलो आणि पलीकडे बघितलं.

खाली सगळी दरी गुलाबी झाली होती. नदी चंदेरी, तिच्या दोन्ही काठांनी, रेतीवर, गोट्यांवर, थेट खाडीच्या पाण्यापर्यंत निवियार्सिआक. इतकं गुलाबी की मला क्षणभर वाटलं, डास चावून डोळे बिघडलेत.

मग मला धूर दिसला. मग पाच-सहा बोटी. मग गाव.

गावच होतं ते. सुक्या काटक्यांवर कॉफी उकळत होती, पोरं पाण्यात दगड मारत होती, रास्मिने केक कापत होती. इवालू होती. मासेमारीला गेलेला गेर्थही होता. आणि फुलांच्या मधोमध, बोटीतल्या गादीवर, डोक्यावर जाळी घेऊन, माझी आई बसली होती. तिच्या शेजारी मांडी ठोकून तोबियास.

मी खाली उतरलो. प्रत्येकजण कपात बघत होता.

"तुम्ही इथे कसे?" मी इवालूला विचारलं.

"तुम्ही गेलात आणि तोबियास कॉफीला आला," ती म्हणाली. "एनोक कुठाय म्हणाला. आई म्हणाल्या, मला चालता येईल का ते बघायला गेलाय. तो म्हणाला, चालायचं कशाला, चल, बस बोटीत. मग रास्मिनेने ऐकलं. मग सगळ्यांनीच ऐकलं. तुम्हाला फोन लावला, पण डोंगरात लागतोय कुठे."

"मग निदान कोणीतरी वर यायचं, मला सांगायला."

"येणार होतो," अब्राहाम म्हणाला. त्याच्या गळ्यात दुर्बीण होती. आमच्याकडे दुर्बिणीशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. त्याच्याशेजारच्या माणसाच्याही गळ्यात होती. त्याच्या बायकोच्याही. "पण बोटीतून दुर्बिणीने बघितलं, तर तू खिंडीत इतका रमला होतास. म्हातारा बैल आहे तो, बाजूने गेलं तरी उठत नाही. आम्ही म्हटलं, दोघांपैकी आधी कोण उठतो बघू."

"हात कोणाला जोडत होतास रे?" रास्मिनेने विचारलं.

मी खुर्ची उघडली, आणि बसलो. तिचा एक पाय रेतीत गेला आणि मी हळूहळू डावीकडे कलंडलो, पण ते दुरुस्त करायची ताकद उरली नव्हती. इतक्या दिवसांची धडपड, अर्ज, मासे, बूट. आणि शेवटी आईला कोणी आणलं, तर बाबांनी. मी आईकडे बघितलं. ती एका फुलाच्या पाकळीवर बोट फिरवत होती. निदान तिचा आनंद तरी बघावा म्हणून मी म्हणालो,

"आई, तसंच आहे का गं सगळं? तू आणि बाबा यायचात तेव्हा होतं तसं?"

"मला काय माहीत?" आई म्हणाली. "मी पहिल्यांदाच येतेय."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. कान सुजलेच होते.

"लग्न झालं त्या उन्हाळ्यात म्हणाले, कूसुआकला नेतो, निवियार्सिआक दाखवतो," आई सांगू लागली. "मग हॅलिबटचा हंगाम आला. दुसऱ्या उन्हाळ्यात बोट फुटली. पुढे तू झालास. मग म्हणाले, रेनडियरची शिकार झाली की जाऊ. ती होईपर्यंत फुलं गेली. दर वर्षी म्हणायचे, पुढच्या उन्हाळ्यात नक्की. मी दर वर्षी नवे मोजे विणायचे, चालायला." तिने जाळी वर केली आणि तोबियासकडे वळली. "अहो, माणसाने किती वाट बघायची?"

तोबियासच्या तोंडात केक होता. त्याने तो सावकाश गिळला. दूर खाडीच्या पाण्याकडे बघितलं, नाक ओढलं आणि म्हणाला, "काम होतं, आमालिया."

सगळे हसले. मी नाही हसलो. कारण तो आवाज, ते नाक ओढणं, आणि बायकोकडे बघायचं टाळून पाण्याकडे बघणं, मी लहानपणी स्वयंपाकघराच्या दारातून कित्येकदा पाहिलं होतं. त्याला हे कोणी शिकवलं असेल? तो जन्मला तेव्हा बाबा नव्हतेच. मी फडक्याने डोळा पुसला. डास असावा.

आईने निवियार्सिआकचं एक देठ उपटलं आणि तोबियासच्या गुडघ्यावर हलकेच मारलं. "आलात एकदाचे शब्दाला जागून," ती म्हणाली. "उशिरा का होईना." त्या ताडमाड पोराची मान खाली गेली आणि कानातल्या बाळीपर्यंत तो लाल झाला.

मग तिची नजर माझ्यावर आली. सुजलेलं तोंड, केकचं फडकं, चिखलाचा मोजा, सगळं तिने बघून घेतलं.

"फिती बांधल्यास?" तिने विचारलं.

"खिंडीपर्यंत," मी म्हणालो. "पुढे जमलं नाही."

"हं," आई म्हणाली. तिने स्वतःची जाळी काढून माझ्या डोक्यावर घातली, गळ्याशी नीट खोचली, जशी लहानपणी टोपी खोचायची. मग काठी रोवली आणि उठायला लागली. इवालू, रास्मिने, तोबियास तिघं एकदम धावले.

"कुठे निघालीस, आमालिया?" तोबियास म्हणाला. "बस ना. इथूनच दिसतंय सगळं. थांब, मी धरतो."

"अहो, तुम्ही बसा," आई म्हणाली. "तुमच्या भरवशावर राहिले तर नदीच्या त्या वळणापर्यंत जायला मला आणखी एक जन्म लागेल. एनोक नेतो मला. त्याला या वाटा माहीत आहेत. सरकारी माणूस आहे."

मी तिला हात दिला. आम्ही फुलांतून निघालो, नदीच्या काठाने. मागून लगेच सल्ले सुरू झाले. डावीकडून जा, तिथे चिखल आहे. उजवीकडून जा, तिथे दगड आहेत. तिला धर. तिला इतकं धरू नकोस. आई दर चार पावलांनी थांबायची, वाकून एकेक फूल बघायची आणि त्याच्याशी काहीतरी पुटपुटायची. माझ्या एका पायात बूट नव्हता, तिच्या गुडघ्यांत जोर नव्हता, त्यामुळे आमची चाल अगदी जुळून आली.

वळणाशी पोचलो तेव्हा मागचा आवाज एकदम बंद झाला. मी मान वळवायला लागलो तर आईने माझा हात दाबला.

"मागे बघू नकोस," ती म्हणाली. "दुर्बिणी लावल्या असतील मेल्यांनी. नीट चाल."